टाकीतल्या मासे, श्रिंप आणि गोगलगायींसाठी प्रोबायोटिक खाद्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः गोड्या पाण्याच्या, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या टाकीला धरून दिली आहेत. समुद्री टाकीत वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रोबायोटिक खाद्य म्हणजे नेमकं काय?

ज्यात जिवंत, उपयोगी सूक्ष्मजीव पुरेशा संख्येने आहेत असं खाद्य. ‘जिवंत’ आणि ‘पुरेसे’ या दोन शब्दांवर सगळं अवलंबून आहे. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००१ मध्ये केलेली व्याख्याही हेच म्हणते: पुरेशा प्रमाणात दिल्यावर यजमानाच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव.

यासारखेच वाटणारे आणखी दोन शब्द पाकिटांवर दिसतात. प्रीबायोटिक म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं: इन्युलिन, यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणारं मॅनन-ऑलिगोसॅकराइड वगैरे. यात जिवंत काहीच नसतं. पोस्टबायोटिक म्हणजे मारलेले जिवाणू किंवा त्यांचे अंश. ही दोन्ही निरुपयोगी नाहीत, पण ती प्रोबायोटिक नव्हेत आणि त्यांच्याकडून अपेक्षाही वेगळी ठेवावी.

हे जिवाणू माशाच्या पोटात जाऊन करतात काय?

चार गोष्टी. आतड्याच्या अस्तरावरची जागा आणि तिथलं अन्न अडवतात, त्यामुळे एरोमोनास, व्हिब्रिओ यांसारख्या रोगकारकांना पाय रोवणं अवघड जातं. लॅक्टिक आम्ल किंवा जिवाणूविरोधी द्रव्यं सोडतात. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार करतात. बॅसिलस यात तरबेज आहे. आणि आतड्यालगतच्या प्रतिकारयंत्रणेला हलकं डिवचून जागी ठेवतात.

सूक्ष्मजीवांशिवाय माशाचं आतडं नीट घडतच नाही. पूर्ण जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या झेब्राफिशच्या पिल्लांचं आतडं अर्धकच्चं राहतं, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे. गोल्डफिश, कार्प आणि झेब्राफिश यांच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा एक रहिवासी जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व बनवतो. गंमत अशी, की हा खरा घरचा कामकरी पाकिटात सापडत नाही. त्याला ऑक्सिजन नको असतो, सुकवून पुडीत भरणं जमत नाही. पुडीत येतात ते जिवाणू टिकायला सोपे म्हणून निवडलेले, म्हणजे पाहुणे. खाद्य बंद केलं की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, त्यांची संख्या घसरते. म्हणून ‘एकदा कोर्स केला, झालं’ हा हिशेब इथे चालत नाही.

कोणते जिवाणू असलेलं खाद्य घ्यावं?

बॅसिलस गट (सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, प्युमिलस): हे बीजाणू बनवतात. बीजाणू म्हणजे चिलखत घालून झोपलेला जिवाणू. कोरडेपणा, उष्णता, पोटातलं आम्ल यांना तो दाद देत नाही. पेलेट (खाद्याचे दाणे) बनवताना यंत्रात तापमान सहज १०० अंशांच्या वर जातं. त्यातून बऱ्याच संख्येने तगून बाहेर येणारा हाच. घरगुती टाकीसाठी पहिली पसंती यालाच द्यावी.

लॅक्टिक आम्लवाले (लॅक्टोबॅसिलस कुळातले, पेडिओकॉकस ॲसिडिलॅक्टिसाय, एन्टेरोकॉकस): आतड्यात चांगलं काम करतात, पण बीजाणू बनवत नाहीत. पेलेटच्या पिठातच मिसळले असतील तर यंत्रातल्या उष्णतेत बहुतेक मरतात. ते पेलेट तयार झाल्यावर वरून चढवलेले किंवा तेला-मेदाच्या आवरणात बंद केलेले असावे लागतात. उत्पादक हे सहसा पाकिटावर सांगतो. सांगत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे.

यीस्ट (सॅकरोमायसेस सेरेव्हिसी): जिवंत असेल तर प्रोबायोटिक, मेलेलं असेल तर प्रथिनं आणि बीटा-ग्लुकनचा स्रोत. बहुतेक खाद्यांत ते दुसऱ्या प्रकारचं असतं.

पाकिटावर काय वाचायचं?

जिवाणूचं पूर्ण नाव, शक्यतो वाणाच्या क्रमांकासह. नुसतं ‘प्रोबायोटिकयुक्त’ याला काही अर्थ नाही. त्यानंतर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो संख्या. ती ‘सीएफयू’ या एककात असते, म्हणजे वसाहत तयार करू शकणाऱ्या जिवंत पेशी. ही संख्या उत्पादनाच्या दिवसाची आहे की मुदत संपेपर्यंतची, हेही बघा. दुसरी हमी खरी. ‘वाळवलेलं किण्वन उत्पादन’ किंवा ‘किण्वन अर्क’ अशी नोंद असेल आणि संख्या दिलेली नसेल, तर आत जिवंत काही आहे असं धरून चालू नका.

एक गोंधळ टाळा: २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची शास्त्रज्ञांनी अनेक लहान कुळांत विभागणी केली. म्हणून जुन्या पाकिटावर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि नव्यावर लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम दिसलं तरी प्रजाती तीच.

श्रिंप पाळणारे घटकांच्या यादीत कॉपर सल्फेट दिसलं की पाकीट परत ठेवतात. खाद्यातल्या सूक्ष्म मात्रेला घाबरण्याचं कारण नाही. श्रिंपच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं. धोका पाण्यात टाकायच्या तांबेयुक्त औषधांचा असतो.

प्रति ग्रॅम खाद्यात किती जिवाणू हवेत?

साधारण १० लाख ते १०० कोटी या पट्ट्यात बहुतेक प्रयोग झालेले आहेत. घरच्या टाकीसाठी प्रति ग्रॅम १ कोटी हे लक्ष्य ठेवा, १० कोटींपर्यंत गेलं तरी हरकत नाही.

त्याच्या फार पुढे नेऊन पदरात जास्त पडेलच असं नाही, उलट पडू शकतं. रेनबो ट्राउटवरच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॅक्टोबॅसिलस दिलेल्या माशांपैकी प्रति ग्रॅम १०० कोटी मात्रेच्या गटात फरुन्क्युलोसिस रोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी झालं. त्याच्या हजारपट मात्रा दिलेल्या गटाला मात्र तेवढं संरक्षण मिळालं नाही. चमचाभर जास्त टाकण्याची सवय इथे आवरावी.

साध्या पेलेटवर घरी प्रोबायोटिक चढवता येतं का?

येतं, आणि पाकिटातल्या तयार खाद्यापेक्षा त्यात किती जिवंत आहे याचा भरवसा जास्त असतो. आधी हिशेब. समजा पुडीत प्रति ग्रॅम १,००० कोटी आहेत आणि तुम्हाला ५० ग्रॅम पेलेटवर प्रति ग्रॅम १ कोटी हवेत. म्हणजे एकूण ५० कोटी, म्हणजे पुडीतली फक्त ०.०५ ग्रॅम पावडर. घरचा काटा एवढं मोजत नाही. म्हणून १ ग्रॅम पावडर ९ ग्रॅम बारीक दळलेल्या कोरड्या खाद्यात एकजीव करा. या मिश्रणाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये आता १०० कोटी आहेत. ५० ग्रॅम पेलेटसाठी अर्धा ग्रॅम घ्या. उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये.

पुढची कृती अशी:

१. पेलेट झिप पिशवीत किंवा रुंद डब्यात घ्या.
२. पुडीत बॅसिलसचे बीजाणू असतील तर पाणी अजिबात वापरू नका. मोजलेलं मिश्रण ०.५ ते १ मिलिलीटर माशाच्या तेलात कालवा आणि थेट पेलेटवर शिंपडा. सिरिंज सगळ्यात सोयीची.
३. लॅक्टिक आम्लवाले असतील तर मिश्रण २ मिलिलीटर क्लोरीनमुक्त पाण्यात कालवून शिंपडा, १० मिनिटं मुरू द्या आणि वरून अर्धा मिलिलीटर तेलाचा हात फिरवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या उघड्या जिवाणूंना मारतं.
४. दोन मिनिटं पिशवी हलवत राहा. सगळ्या दाण्यांवर एकसारखी चकाकी आली पाहिजे. तळाशी ओलसर गोळे दिसले तर तेल किंवा पाणी जास्त झालं.
५. पाणी वापरलं असेल तर कागदावर पसरून सावलीत, पंख्याखाली दोन-तीन तास वाळवा. ऊन नको, ओव्हन नको.
६. हवाबंद डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. बॅसिलसचं तीन-चार आठवड्यांत, लॅक्टिकवाल्याचं आठवड्याभरात संपवा. डबीवर तारीख लिहा.

सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती तिसऱ्या आणि पाचव्या पायरीतली ओल. कोरड्या खाद्यात मुळातच ८ ते १० टक्के ओलावा असतो. त्यात ४ टक्क्यांची भर पडून ते न वाळवता डबीत गेलं की बुरशी धरते. बुरशीची विषं डोळ्यांना दिसत नाहीत. कुबट वास आला तर आख्खी डबी फेका, वरचा थर काढून खालचं वापरू नका.

फ्लेक्सना (पातळ पापुद्र्यांच्या खाद्याला) हा उपचार सोसत नाही, त्यांचा भुगा होतो. त्या दिवशीच्या चिमूटभर फ्लेक्सवर तेवढ्यापुरता एक थेंब टाका आणि लगेच द्या.

जेल खाद्यात मिसळलं तर?

हळू खाणाऱ्यांसाठी हाच उत्तम मार्ग. पेलेटवरचा लेप पाण्यात दोन-तीन मिनिटांत सुटू लागतो. तरबेज खाणाऱ्या माशांना तेवढा वेळ पुरतो. तळाशी तासभर कुरतडत बसणाऱ्या प्लेको मासा, श्रिंप किंवा गोगलगायीपर्यंत पोचेस्तोवर लेप पाण्यातच गेलेला असतो. जेलमध्ये जिवाणू आत अडकून राहतात.

१०० मिलिलीटर पाण्याला १.५ ते २ ग्रॅम आगर घ्या. आगर उकळून विरघळवावं लागतं आणि ४० अंशांच्या आसपास गोठायला लागतं. ही खिडकी अरुंद आहे. बीजाणू ६० अंशांवरही घातले तर चालतात. लॅक्टोबॅसिलस घालायचा तर मिश्रण ४२-४३ अंशांवर येईपर्यंत थांबा, थर्मामीटर आतच ठेवा आणि भराभर ढवळा. घाई होत असेल तर जिलेटिन घ्या, १०० मिलिलीटरला साधारण ७ ग्रॅम. ते ३० अंशांवरही पातळ असतं, मिसळायला निवांत वेळ मिळतो. पण उबदार टाकीत जिलेटिन लवकर मऊ पडतं आणि पाणी खराब करतं. डिस्कस माशांची टाकी २९-३० अंशांवर असते, तिथे आगरच वापरा.

तयार जेलचे तुकडे फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये ठेवल्यास बीजाणू तगतात, इतरांची संख्या दर वेळी घटते.

गोठवलेल्या ब्लडवर्मवर (लाल अळ्यांवर) टाकलं तर चालतं?

चालतं. वर्म टाकीच्या पाण्यात नव्हे, वेगळ्या वाटीत वितळवा, ते पाणी गाळून फेका, मग पावडर भुरभुरवून पाच मिनिटं ठेवा. उरलेलं परत गोठवू नका.

दही किंवा माणसांच्या प्रोबायोटिक कॅप्सूल?

दही नको. त्यातले जिवाणू फार तर फार निरुपद्रवी ठरतील, पण सोबत येणारं दुग्धशर्करा, केसीन आणि मेद पाण्यात मिसळून तासाभरात टाकी पांढरी करतात. कॅप्सूलचं उत्तर जरा वेगळं आहे. माणसांचे बहुतेक लॅक्टिक वाण ३७ अंशांना रुळलेले असतात. २५ अंशांच्या माशाच्या आतड्यात ते सुस्त राहतात. कॅप्सूलमध्ये फक्त बॅसिलसचे बीजाणू असतील आणि साखर, गोडवा, स्वाद असं काही नसेल, तर वापरायला हरकत नाही. गोळीत किती कोटी आहेत हे छापलेलं असतंच, हिशेब वरच्याप्रमाणेच.

रोज द्यायचं की आठवड्यातून?

रोज थोडं देणं अधूनमधून भरपूर देण्यापेक्षा चांगलं, कारण पाहुण्यांची ये-जा चालू राहते. दिवसाच्या एका वेळच्या खाद्यात प्रोबायोटिक आणि दुसऱ्या वेळी नेहमीचं, एवढं पुरे. एकूण खाद्य वाढवायचं नाही: मोठ्या माशांना दिवसाला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के, दोन मिनिटांत फस्त होईल इतकं.

परिणाम बघायला तीन-चार आठवडे द्या. थंड पाण्यात, म्हणजे १८ अंशांवरच्या गोल्डफिशमध्ये, पचन आणि जिवाणूंची हालचाल दोन्ही मंद असतात. तिथे आणखी वेळ लागतो.

पिल्लांना कधीपासून आणि कसं द्यावं?

सगळ्यात जास्त फायदा होतो तो इथे. पिल्लाचं आतडं सुरुवातीला जवळजवळ रिकामं असतं आणि पहिला घास जे घेऊन येईल तेच तिथे बस्तान बसवू पाहतं. अडचण ही, की पहिला घास बहुधा नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाचा (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवाचा) असतो आणि आर्टेमियाचं हॅचिंगचं पाणी व्हिब्रिओचं माहेरघर. सिस्ट (आर्टेमियाची कोरडी अंडी) फुटताना त्यातून ग्लिसरॉल बाहेर पडतं आणि व्हिब्रिओ त्यावर झपाट्याने वाढतात. म्हणून हॅचरीचं पाणी पिल्लांच्या टाकीत कधीच ओतायचं नाही. चाळणीवर धुऊनच घालायचं.

आर्टेमियाला प्रोबायोटिक ‘भरवून’ मग ते पिल्लांना देता येतं. पण नुकतं फुटलेलं आर्टेमिया काही खातच नाही. त्याचं तोंड-आतडं अजून उघडलेलं नसतं, ते पिवळ्या बलकावर जगतं. फुटल्यानंतर साधारण ८ ते १२ तासांनी पहिली कात टाकून ते दुसऱ्या अवस्थेत जातं आणि पाणी गाळून खायला लागतं. त्याआधी पावडर टाकली तर ती नुसतीच बाहेर तरंगते. अनेकांचा प्रयोग फसतो तो इथेच.

क्रम असा: २८ अंश आणि लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात २४ तासांत फुटू द्या. टरफलं वेगळी करा, १२० ते १५० मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. स्वच्छ खाऱ्या पाण्यात, जोरदार हवा सोडून, १२ तास ठेवा. मग प्रति मिलिलीटर १ कोटी या हिशेबाने प्रोबायोटिक घाला. १ लिटरला १,००० कोटीवाली पावडर १ ग्रॅम. पाच-सहा तासांनी पुन्हा धुऊन लगेच खाऊ घाला. गर्दी मिलिलीटरला १०० ते २०० पेक्षा जास्त नको, आणि हवा बंद पडली तर सगळं तासाभरात मरतं.

यात एक तडजोड आहे. दुसऱ्या अवस्थेतलं आर्टेमिया आकाराने मोठं असतं आणि त्याचा बलक संपत आलेला असतो. अगदी इवल्या पिल्लांना ते तोंडात मावत नाही. अशांना पहिले काही दिवस ताजं, धुतलेलं आर्टेमिया किंवा रोटिफर हे त्याहून बारीक जीव द्या. रोटिफर जन्मापासून पाणी गाळून खातात, त्यामुळे त्यांना भरवायला दोन तास पुरतात.

श्रिंपना खरंच उपयोग होतो का?

होतो, पण माशांत होतो तसा नाही. निओकॅरिडिना आणि कॅरिडिना हे टाकीत पाळले जाणारे छोटे श्रिंप दिवसभर बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागांवरचा जिवाणू-शेवाळाचा पातळ थर, चरतात. म्हणजे जिवाणू हे त्यांच्यासाठी पाहुणे नंतर, आधी जेवण. शिवाय त्यांच्या अन्नमार्गाचा पुढचा आणि मागचा भाग कायटिनच्या अस्तराचा असतो आणि कात टाकताना ते अस्तरही निघून जातं. त्यावर चिकटलेले जिवाणूही त्यासोबत जातात. मधला भाग तेवढा सुटतो. पिल्लं तर साधारण दर आठवड्याला कात टाकतात. त्यामुळे आतड्यात वस्ती वसवण्यापेक्षा टाकीतल्या पानांवर, दगडांवर, स्पंज फिल्टरवर चांगली बायोफिल्म राखणं जास्त कामाचं. बॅसिलस असलेली बारीक पावडर बऱ्याच अंशी हेच काम करते. ती सगळीकडे पसरते आणि ज्यांना खाद्यापर्यंत चालत जाणं झेपत नाही अशा मिलिमीटरभर पिल्लांच्या आसपासही अन्न तयार होतं.

मात्रा: ४० ते ५० लिटरच्या, साधारण पन्नास श्रिंप असलेल्या टाकीत आठवड्यातून दोनदा, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढी पावडर. ती कपभर टाकीच्या पाण्यात ढवळून फिल्टरच्या प्रवाहासमोर ओता. ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटतं तीच योग्य मात्रा. जेलचा तुकडा किंवा गोळी दिली तर दोन-तीन तासांनी उरलेलं काढून घ्या.

जास्त झालं हे टाकी स्वतःच सांगते. काचेवर प्लॅनेरिया (चपटे किडे) आणि हायड्रा (बारीक भुजांचे इवले जीव) दिसतात, वाळूत पांढरे धाग्यासारखे किडे आणि पाण्यात ठिपक्यांसारखे ऑस्ट्राकॉड वाढतात. यातल्या प्लॅनेरिया आणि हायड्रा पिल्लांना मारतात. पावडर दोन आठवडे पूर्ण बंद करा. निरोगी श्रिंप तेवढे दिवस बायोफिल्मवर आरामात काढतात.

गोगलगायी आणि पाणी गाळून खाणाऱ्या श्रिंपचं काय?

गोगलगायींना वेगळं काही द्यायची गरज नाही. मासे-श्रिंपचं जेल उरतं ते त्यांना पुरतं. कवच विरघळत असेल तर तो कॅल्शियमचा आणि आम्लधर्मी पाण्याचा प्रश्न आहे. त्याला प्रोबायोटिक देऊन काही होणार नाही.

बांबू श्रिंप आणि व्हॅम्पायर श्रिंप पंख्यासारख्या पायांनी प्रवाहातले कण पकडतात. त्यांना पावडर नेमकी त्यांच्या बसायच्या जागेच्या वरच्या प्रवाहात सोडा. ते तळाशी उतरून वाळू चिवडत असतील तर उपाशी आहेत असं समजा.

समुद्री टाकीत, प्रवाळांसोबत?

माशांना खाद्यातून द्या, तिथे नियम तेच. पाण्यात पावडर किंवा लाल-जांभळ्या जिवाणूंचं द्रव सोडत असाल तर प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही (अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारा दिवा) एक-दोन तास बंद ठेवा, नाहीतर तुम्ही थेट कचऱ्याच्या कपात पैसे टाकताय. स्किमर परत चालू करायला विसरू नका. रात्री ऑक्सिजन घसरतो. सुरुवात सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने करा आणि फॉस्फेट दर आठवड्याला तपासा.

बाटलीतले फिल्टरचे जिवाणू आणि हे एकच का?

नाही. टाकी सायकल करायला, म्हणजे नव्या फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वसवायला, वापरतात ते नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा. ते अमोनिया आणि नायट्राइटवर जगतात, पृष्ठभागांना चिकटून राहतात, हळू वाढतात. खाद्यातले बॅसिलस-लॅक्टोबॅसिलस सेंद्रिय पदार्थ खातात. ते फिल्टरची जागा घेत नाहीत.

मग ‘पाणी स्वच्छ करणारं प्रोबायोटिक’ काय असतं?

गाळ खाणारे बॅसिलस. गाळ खरोखर कमी होतो, पण नाहीसा होत नाही: जिवाणू त्याचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियात करतात. अमोनिया उचलायला धडधाकट फिल्टर हवाच. विष्ठेतून न पचलेलं अन्न कमी बाहेर पडत असेल तर गाळही कमी होतो, हा मात्र प्रोबायोटिक खाद्याचा प्रामाणिक फायदा आहे.

खाद्य बदलल्यावर पाणी दुधाळ झालं. काय करू?

मोकळ्या पाण्यात जिवाणूंचा स्फोट झालाय. सेंद्रिय अन्न मिळालं की हे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, फिल्टरच्या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. दुधाळपणाने मासे मरत नाहीत, ऑक्सिजन संपल्याने मरतात. म्हणून पहिलं काम एअर स्टोन लावणं. मग अमोनिया आणि नायट्राइट तपासा. खाद्य दोन दिवस बंद. २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि तापमान जुळवा. फिल्टर धुवायचा मोह टाळा. दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं.

पृष्ठभागावर तेलाचा तवंग असेल तर लेपातलं तेल जास्त होतंय. पुढच्या वेळी निम्मं करा.

अँटिबायोटिक चालू असताना द्यावं का?

जिवाणू असलेलं देऊ नका, औषध त्यांनाही मारतं. कोर्स पूर्ण करा, पाणी बदला, फिल्टरमधल्या सक्रिय कार्बनने औषधाचा अंश काढा आणि मग तीन आठवडे रोज द्या. औषधाने आतडं झाडून निघालेलं असताना प्रोबायोटिकला खरा अर्थ असतो. जिवंत यीस्टला अँटिबायोटिक लागू पडत नाही, ते मध्येही चालू ठेवता येतं. लेव्हामिसोल आणि प्राझिक्वांटेल ही जंतांची औषधं जिवाणूंच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे थांबायची गरज नाही. लिटरला १ ते ३ ग्रॅम मिठानेही काही बिघडत नाही.

पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा किंवा फुगलेलं पोट यावर हे औषध आहे का?

नाही. पांढरी दोरी म्हणजे बहुतेक वेळा रिकामं आतडं किंवा हेक्सामिटा-स्पायरोन्यूक्लियससारखे परजीवी. खवले उभे राहिलेला ड्रॉप्सी हा आतल्या अवयवांच्या बिघाडाचा शेवटचा टप्पा असतो. खाणं सोडलेल्या माशाला खाद्यातून काहीच देता येत नाही. आधी निदान, मग उपचार, प्रोबायोटिक नंतर.

यूव्ही लावलेला असला तर?

खाद्यासोबत गिळलेल्या जिवाणूंना यूव्ही गाठत नाही. चालू ठेवा.

नव्या, लांबून आलेल्या माशांना?

पहिला दिवस उपाशी. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या खाद्यात प्रोबायोटिक, क्वारंटाइनचे तीन-चार आठवडे रोज. प्रवासात मासे उपाशी राहतात, ताणाखाली असतात आणि आतड्यातला समतोल ढळलेला असतो.

पुडी फ्रिजमध्येच ठेवायची का?

लॅक्टिक आम्लवाली हो, ४ अंशांवर. बॅसिलसची कोरड्या, अंधाऱ्या कपाटात राहते. दोघांचाही खरा शत्रू ओलावा: टाकीवर पुडी धरून चमच्याने टाकू नका, वाफ आत जाते. ओला चमचा कधीच नाही. फ्रिजमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

बीजाणू गुळाच्या पाण्यात भिजवून ‘जागे’ करावेत का?

करू नका. २४ तासांनी त्या बाटलीत तुमचे बॅसिलस वाढलेत की हवेतून पडलेलं दुसरंच काही, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. बीजाणूंना आतड्यात जागं व्हायला तुमची मदत लागत नाही.

उपयोग होतोय हे ओळखायचं कसं?

रंग खुलला, मासे ‘ताजेतवाने’ दिसतात, यावर विसंबू नका. नवं खाद्य आणलं की आपण टाकीकडे जास्त बघतो, पाणीही जरा जास्त वेळा बदलतो. एकाच विणीची पिल्लं दोन सारख्या टाक्यांत सम संख्येने वाटा. पेलेट तेच, तेल तेवढंच, फक्त एकीकडे जिवाणू. चार ते सहा आठवडे जगलेल्यांची संख्या मोजा आणि १० पिल्लांचं एकत्र वजन घ्या. एकाच टाकीत करायचं तर विष्ठा बघा: आखूड, खाद्याच्या रंगाची, पटकन तुटणारी असेल तर पचन बरं आहे.

जुन्या, स्थिर, कमी गर्दीच्या टाकीत, ज्यांना विविध खाद्य मिळतं अशा मोठ्या माशांत फरक दिसण्याची शक्यता कमीच. तिथे पैसे वाचवा. पिल्लं, नवे मासे, औषधोपचार झालेले मासे आणि दाटीच्या टाक्या, इथे ते खर्च करा.